शाळेच्या भिंतीवर सोळा फुटांचा वर्णपट : किरणांच्या ऊर्जेची पट्टी कशी आखावी

ज्या गावात संत्र्याच्या बागा आहेत, त्या गावातल्या मुलांना हा धडा अर्धा आधीच ठाऊक असतो. रात्रभर झिमझिम पाऊस पडला तरी मृग बहराच्या तोडणीला आलेल्या फळाला ओरखडासुद्धा उमटत नाही; मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा मिनिटे गारा पडल्या, तर झाडाखाली फळांचा सडा पडतो आणि झाडावर राहिलेल्या फळांवरही डाग पडतात. त्या दहा मिनिटांत पडलेले पाणी रात्रभराच्या पावसापेक्षा कमीच असेल, पण नुकसान एकूण पाण्यावरून ठरत नाही, एकेका गारेच्या वजनावरून ठरते. प्रकाश, रेडिओच्या लहरी, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सगळी एकाच जातीची विद्युतचुंबकीय प्रारणे आहेत आणि तीसुद्धा अशीच सुट्या कणांनी येतात. या कणाला फोटॉन म्हणतात. एका फोटॉनमध्ये ऊर्जा किती, हा एक प्रश्न; आणि फोटॉन एकूण किती आले, हा दुसरा. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की मोबाइलच्या टॉवरची नको तितकी भीती वाटते आणि दुपारच्या उन्हाची वाटायला हवी तितकी वाटत नाही.

पाठ्यपुस्तकात या सगळ्या किरणांच्या क्रमवार मांडणीचे, म्हणजे वर्णपटाचे, चित्र बहुधा एका ओळीत मावेल असे काढलेले असते आणि त्यात दृश्य प्रकाशाचा पट्टा इतरांइतकाच रुंद दिसतो. चित्र छापायच्या सोयीसाठी हे ठीक असले, तरी त्यामुळे मुलांच्या मनात अंतराचा अंदाज कायमचा चुकतो. म्हणून मी गेली काही वर्षे शाळेच्या व्हरांड्याच्या भिंतीवर मापात आखलेली, सोळा फूट लांबीची ऊर्जेची पट्टी काढून घेतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा नावापुरतीच आहे, पण भिंत मात्र भरपूर आहे. ही पट्टी कशी आखावी आणि तिच्यावर काय काय कुठे मांडावे, ते येथे क्रमाने लिहितो.

आखणी

भिंतीवर जमिनीपासून साधारण चार फुटांवर, म्हणजे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, सोळा फुटांची आडवी रेघ मारावी. गेरूच्या पाण्यात भिजवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणून धरावी आणि मध्ये उचलून सोडावी, म्हणजे रेघ सरळ उमटते. रेघेवर दर एका फुटाला उभी खूण करून डावीकडून शून्य ते सोळा असे आकडे घालावेत.

आता या पट्टीचा एकच नियम मुलांना समजावून द्यावा लागतो आणि त्यासाठी घाई करू नये. नेहमीच्या फूटपट्टीवर एक फूट पुढे गेले की माप एका फुटाने वाढते; या पट्टीवर एक फूट पुढे गेले की ऊर्जा दहापट होते. दोन फूट गेले की शंभरपट, तीन फूट गेले की हजारपट. अशी पट्टी घेण्याचे कारण सरळ आहे. पट्टीच्या उजव्या टोकाची ऊर्जा डाव्या टोकाच्या दहा लाख अब्ज पटींहूनही जास्त आहे आणि नेहमीच्या मापाने ती आखायची म्हटली तर भिंत पृथ्वीबाहेर न्यावी लागेल.

एकेका फुटाच्या आतल्या खुणा समान अंतरावर नसतात. त्यासाठी पुठ्ठ्याची एक फूट लांबीची पट्टी कापून तिच्यावर ३.६ इंचांवर २, ५.७ इंचांवर ३, ७.२ इंचांवर ४, ८.४ इंचांवर ५, ९.३ इंचांवर ६, १०.१ इंचांवर ७, १०.८ इंचांवर ८ आणि ११.५ इंचांवर ९ असे आकडे लिहावेत. ही पुठ्ठ्याची पट्टी भिंतीवरच्या कोणत्याही फुटावर ठेवता येते. ज्यांना लॉगॅरिथम शिकवायचे आहे, त्या नववी-दहावीच्या शिक्षकांना या पुठ्ठ्यासारखे दुसरे साधन सापडणार नाही.

एकक आणि दोन गुणाकार

फोटॉनची ऊर्जा ज्यूलमध्ये लिहिली तर आकडा इतका लहान होतो की तो मुलांच्या डोक्यात राहत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन व्होल्ट हे एकक घ्यावे. एका इलेक्ट्रॉनला एका व्होल्टच्या फरकातून नेले असता त्याला जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी ही ऊर्जा. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे त्यातून निघालेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या वाट्याला दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट येतात, असे सांगितले की मुलांना हे एकक हाताळल्यासारखे वाटते. पट्टीचा शून्य फूट म्हणजे इलेक्ट्रॉन व्होल्टचा अब्जावा भाग. नऊ फुटांवर बरोबर एक इलेक्ट्रॉन व्होल्ट येतो आणि सोळा फुटांवर एक कोटी.

मॅक्स प्लांक यांनी १९०० साली मांडलेल्या संबंधानुसार ऊर्जा ही वारंवारतेच्या प्रमाणात असते. व्यवहारासाठी त्याचे दोन सोपे हिशेब होतात. वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये माहीत असेल, तर तिला ४.१४ ने गुणावे. उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अब्जांशात मिळते. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये माहीत असेल, तर १२४० ला तिने भागावे. उत्तर थेट इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. पहिल्या हिशेबात आणखी एक सोय आहे. ४१४ असे उत्तर आले, तर ते ४.१४ गुणिले शंभर, आणि शंभराला दोन शून्ये. म्हणून भिंतीवर दोन फूट जायचे आणि पुढे पुठ्ठ्यावरच्या ४ च्या किंचित पुढे खूण करायची.

डावे टोक : रेडिओपासून मोबाइलपर्यंत

पहिली खूण आकाशवाणीच्या नागपूर केंद्राची करावी. मध्यम लहरींवरचे ५८५ किलोहर्ट्झ हे स्थान विदर्भातल्या घराघरांत पिढ्यांनी ऐकलेले आहे. ०.५८५ ला ४.१४ ने गुणले की २.४२ येतात, म्हणजे खूण शून्य फूट साडेचार इंचांच्या जवळ पडते. एफएमचे १०० मेगाहर्ट्झ दोन फूट साडेसात इंचांच्या आसपास येतात. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झची खूण तीन फूट सात इंचांवर येते. तिच्यापुढे दोन इंचांवर एक तारा काढावा, कारण तिथे हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झची, म्हणजे एकवीस सेंटीमीटर लांबीची, जगप्रसिद्ध लहर आहे. पुणे जिल्ह्यातल्या खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या तीस अँटेना आकाशातून असल्याच लहरी टिपतात.

मायक्रोवेव्ह ओव्हनचे २४५० मेगाहर्ट्झ जवळजवळ नेमके चार फुटांवर येतात. येथे थोडे थांबून एक गैरसमज दूर करावा. पाण्याचा रेणू याच लहरीशी सूर जुळवतो म्हणून अन्न तापते, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. वास्तविक वाफेतल्या सुट्या पाण्याच्या रेणूची जवळची फिरकी-पायरी २२.२ गिगाहर्ट्झला, म्हणजे पट्टीवर चार फूट साडेअकरा इंचांच्या पुढे आहे. ओव्हनमध्ये पाण्याचे रेणू उलटसुलट होणाऱ्या विद्युतक्षेत्रामागे वळण्याची धडपड करतात आणि शेजाऱ्यांशी घासून तापतात. हे काम एकट्या फोटॉनचे नव्हे, असंख्य फोटॉनांच्या रेट्याचे आहे. म्हणजे गार नव्हे, संततधार पाऊस.

पाच फूट पाच इंचांच्या जवळ आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव लिहावे. १८९० च्या दशकात कोलकात्यात त्यांनी ज्या लहरींवर काम केले, त्यांतल्या सर्वांत आखूड लहरी सुमारे पाच मिलिमीटरच्या होत्या आणि त्यांची खूण इथे पडते.

साडेसात फुटांवरची लाल रेघ

आता पट्टीवर एक उभी जाड लाल रेघ मारायची आहे, आणि माझ्या मते संपूर्ण भिंतीवर हीच सर्वांत शिकवणारी रेघ आहे. कोणत्याही वस्तूचे रेणू उष्णतेमुळे सतत एकमेकांना धक्के देत असतात. मे महिन्यातल्या ४६ अंशांच्या दुपारी या धक्क्याचे सरासरी माप सुमारे ०.०२७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि ते सात फूट सव्वापाच इंचांवर येते. डिसेंबरातल्या १० अंशांच्या पहाटे ते जेमतेम अर्धा-पाऊण इंच डावीकडे सरकते. उष्माघात आणि हुडहुडी यांच्यातले अंतर भिंतीवर एवढेच आहे, हे पाहून मुलेच काय, पालकही थबकतात.

या रेघेच्या डावीकडचा फोटॉन एकटा रेणूला असे काहीही करू शकत नाही, जे उष्णतेचे धक्के त्याला दर क्षणी करत नाहीत. असे असंख्य फोटॉन एकाच वेळी शोषले गेले, तर वस्तू तापते, पण रेणू तुटत नाही. मोबाइलच्या टॉवरची खूण या रेघेपासून जवळपास चार फूट डावीकडे आहे, म्हणजे त्याच्या फोटॉनची ऊर्जा आपल्या अंगातल्या नेहमीच्या धक्क्यांच्या हजारो पटींनी कमी आहे. गावात टॉवर उभा राहिला की त्याच्या लहरींनी शरीरातले रेणू तुटतात असे सांगणारे कोणीतरी भेटतेच. त्यांना वादाने उत्तर देण्यापेक्षा या भिंतीपाशी उभे करावे आणि फूट मोजू द्यावेत. टॉवरच्या अँटेनाच्या अगदी समोर चढून उभे राहू नये हे खरे, पण त्याचे कारण तापणे हे आहे.

न दिसणारी ऊब

आठ फूट दीड इंचावर माणसाच्या कातडीतून निघणाऱ्या अवरक्त किरणांची खूण येते. त्यांची तरंगलांबी ९.४ मायक्रोमीटर, म्हणजे ९४०० नॅनोमीटरच्या आसपास जास्तीत जास्त प्रखर असते. साठ अंशांपर्यंत तापलेल्या टिनांच्या छताची खूण तिच्यापुढे अर्ध्या इंचावर पडते. टिनाखाली बसले असता वारा असूनही डोक्यावरून जी झळ येते, ती याच किरणांची. म्हणूनच टिनांवर चुना मारला, तर टिन ऊन कमी शोषते आणि खालची झळ उतरते. या टप्प्यातल्या ऊर्जेने रेणूंमधले अणू कंप पावतात. कार्बन डायऑक्साइडची १५ मायक्रोमीटरची कंप-पायरी याच फुटाच्या जरा आधी, सात फूट अकरा इंचांवर सापडते आणि पृथ्वीची ऊब अडवण्याचे त्याचे काम तिथेच चालते.

नऊ फूट दीड इंचावर टीव्हीच्या रिमोटची खूण करावी. रिमोटच्या टोकाचा दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर जांभळट चमकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे.

त्याच्या किंचित आधी, नऊ फूट अर्ध्या इंचावर, सौर पॅनेलमधल्या सिलिकॉनची पायरी आहे : १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. याहून कमी ऊर्जेचा फोटॉन पॅनेलमध्ये इलेक्ट्रॉनला वर चढवू शकत नाही, आणि याहून जास्त ऊर्जेचा फोटॉन आला तर वरची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. शेतकरी विचारतात की मेच्या उन्हात सौर पंपाला भरपूर पाणी द्यायला हवे, मग तो दुपारी मंद का वाटतो. सिलिकॉनचे पॅनेल २५ अंशांपलीकडे दर अंशामागे साधारण ०.४ टक्के शक्ती गमावते. ते ६५ अंशांवर गेले की सोळा टक्के गेले. धूळ पुसण्याचे काम त्यामुळे सकाळीच, पॅनेल थंड असताना करावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, काच तडकते.

साडेतीन इंच

दृश्य प्रकाश नऊ फूट अडीच इंचांच्या जवळ तांबड्याने सुरू होतो आणि नऊ फूट सव्वासहा इंचांवर जांभळ्याने संपतो. सोळा फुटांत साडेतीन इंच. इथे रंगांचे पट्टे ब्रशने काळजीपूर्वक रंगवावेत आणि साडेसात फुटांजवळची लाल रेघ सोडून बाकीची सगळी पट्टी पांढऱ्या चुन्यावर काळ्या रेघेचीच ठेवावी. संत्र्याचा केशरी, तुरीच्या फुलाचा पिवळा, पऱ्हाटीच्या पानाचा हिरवा, सगळे या चार बोटांत आहे.

इथे वर्ग व्हरांड्यातून आत न्यावा, कारण ऊर्जेच्या पायऱ्या डोळ्यांनी दाखवता येतील अशी जागा हीच. अणूतल्या इलेक्ट्रॉनला कोणतीही मधली ऊर्जा घेता येत नाही. शेतातल्या माळ्याच्या शिडीवर जसा पाय पायरीवरच ठेवावा लागतो, तसा तो ठरलेल्या पातळ्यांवरच राहू शकतो. नील्स बोर यांनी १९१३ साली हायड्रोजनसाठी हे मांडले. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येताना दोन पायऱ्यांमधल्या फरकाएवढ्याच ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो.

पहिला प्रयोग मिठाचा. सायकलच्या जुन्या स्पोकचे टोक पाण्यात भिजवून मिठात बुडवावे आणि स्पिरिटच्या दिव्याच्या किंवा गॅसच्या निळ्या ज्योतीत धरावे. ज्योत लगेच पिवळी होते. सोडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या दोन पायऱ्यांत २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक आहे. १२४० ला २.१ ने भागले की सुमारे ५९० नॅनोमीटर येतात, आणि तो पिवळा रंग होय. भिंतीवर ही खूण नऊ फूट जवळजवळ चार इंचांवर करावी. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याचा वर्णपट तपासला. त्या काळात सूर्याच्या कडेच्या प्रकाशात सोडियमच्या अगदी शेजारी, पण त्याच्याशी न जुळणारी एक पिवळी रेघ आढळली आणि तिच्यावरूनच हेलियमचा शोध लागला. पायरीची उंची इतक्या काटेकोरपणे ठरलेली असते म्हणून हे शक्य झाले.

संत्र्याच्या बागेवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारणाऱ्या घरांत मोरचूद असतेच. त्याचा खडा स्पोकवर धरला तर तांब्याच्या संयुगांमुळे ज्योतीला हिरवी झाक येते. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे हा प्रयोग स्वयंपाकघरात करू नये, बाहेर उघड्यावर, शिक्षकांनी स्वतः करावा आणि हात साबणाने धुवावेत. इतर कोणतेही खत किंवा औषध ज्योतीत धरू नये, हे मुलांना स्पष्ट शब्दांत बजावावे. काही खते स्फोटक असतात.

दुसरा प्रयोग माझ्या सर्वांत आवडीचा आहे. अंधारात चमकणारे ताऱ्यांचे स्टिकर जत्रेत आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. एक स्टिकर डब्यात रात्रभर ठेवून विझू द्यावा. अंधाऱ्या खोलीत त्याच्यावर लाल एलईडीचा प्रकाश पाच मिनिटे अगदी जवळून टाकावा. दिवा बंद केल्यावर स्टिकर काळाच असतो. मग निळ्या एलईडीचा प्रकाश पाच सेकंद टाकावा. स्टिकर हिरवा चमकू लागतो. लाल दिवे दोन, चार, दहा लावून पाहावेत, उत्तर बदलत नाही. लाल फोटॉनची ऊर्जा दोन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आत आहे, निळ्याची अडीचच्या वर, आणि या स्टिकरची पायरी लालच्या आवाक्याबाहेर आहे. रात्रभराचा पाऊस आणि एक गार, हा फरक मुलांनी स्वतः पाहिलेला असतो, म्हणून त्यानंतर मला फार काही बोलावे लागत नाही. धातूवर पडणाऱ्या प्रकाशाबाबत हेच कोडे होते आणि १९०५ साली आइनस्टाइन यांनी फोटॉनची कल्पना वापरून ते सोडवले.

तिसरा प्रयोग मोजण्याचा. तीन पेन्सिल सेल, जुन्या रेडिओतले आवाज कमीजास्त करण्याचे बटण, ४७० ओहमचा एक रोधक, मल्टिमीटर आणि लाल, पिवळा, निळा असे तीन साधे एलईडी घ्यावेत. पांढरा एलईडी घेऊ नये. तो आतून निळाच असतो आणि वरच्या लेपामुळे पांढरा दिसतो. बटणाच्या बाहेरच्या दोन टोकांना सेल जोडावेत. मधल्या टोकापासून रोधक आणि एलईडी एकापुढे एक जोडून उरलेली तार सेलच्या ऋण टोकाला न्यावी. खोली अंधारी करून एलईडीवर काळ्या कागदाची नळी धरावी, बटण हळूहळू फिरवावे आणि उजेडाचा पहिला कण दिसताच एलईडीच्या दोन पायांमधला व्होल्ट वाचावा. लाल एलईडी सर्वांत कमी व्होल्टला पेटतो आणि निळा सर्वांत जास्त. ६३० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनला १.९७ आणि ४७० नॅनोमीटरच्या निळ्याला २.६४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. मिळणारे व्होल्ट यांपेक्षा थोडे कमीच येतात, कारण साडेसात फुटांवरचे ते उष्णतेचे धक्के मदत करतात आणि अंधारात सरावलेला डोळा अगदी क्षीण उजेडही टिपतो. त्यामुळे सुट्या आकड्यांपेक्षा लाल आणि निळ्यातला फरक पाहावा, तो ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास यायला हवा. शंभर रुपयांच्या आसपासच्या साहित्यात एका खेड्यातल्या शाळेला ऊर्जा आणि वारंवारता यांना जोडणाऱ्या प्लांकच्या स्थिरांकापर्यंत पोहोचता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

अर्ध्या इंचाचे अंतर

जांभळ्याच्या पुढे अतिनील किरण सुरू होतात. कार्बनच्या दोन अणूंमधला साधा बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि त्याची खूण नऊ फूट पावणेसात इंचांवर येते. म्हणजे दिसणारा प्रकाश जिथे संपतो, त्यापुढे अर्ध्या इंचावर रेणू तुटण्याची हद्द आहे. अर्थात ऊर्जा पुरेशी असून भागत नाही, तो फोटॉन त्या रेणूने शोषून घ्यावा लागतो; तरीही ही सीमा आपल्या डोळ्यांच्या इतकी जवळ आहे, हे ध्यानात ठेवावे. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, याचे उत्तर इथे मिळते : त्यांत मिसळलेली काजळी अतिनील किरण स्वतः शोषून प्लास्टिकला वाचवते. निळी ताडपत्री दोन-तीन उन्हाळ्यांत चुरा होते, ती याच अर्ध्या इंचामुळे. निंदणाला जाणाऱ्या बायाबापड्या भर उन्हात लांब बाह्यांचा सदरा आणि डोक्याला दुपट्टा बांधतात, ते किती शहाणपणाचे आहे, हे भिंतीवर दाखवावे.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातला २५४ नॅनोमीटरचा दिवा ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्टचे फोटॉन सोडतो. ते जंतूंच्या डीएनएत शोषले जातात आणि तिथेच घाव घालतात. हा दिवा उघडून कधीही पाहू नये. नोटा तपासण्याच्या छोट्या टॉर्चचा प्रकाश त्यामानाने सौम्य असतो, तरी तोही डोळ्यांत मारू नये. या टॉर्चने वायगावची किंवा घरची कोणतीही हळद तेलात किंवा स्पिरिटमध्ये कालवून अंधारात पाहावी : ती हिरवट-पिवळी उजळते. आत गेलेला फोटॉन साडेतीन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा, बाहेर आलेला अडीचच्या खालचा. मधली ऊर्जा हळदीच्या रेणूने वाटेत कंपांमध्ये खर्च केली. दहा फूट दीड इंचावर हायड्रोजनची १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टची खूण करून पुढे जावे. तिथे इलेक्ट्रॉन अणूतून पूर्णच सुटतो.

उजवे टोक

यानंतर भिंत बरीच मोकळी राहते. ग्रामीण रुग्णालयातल्या क्ष-किरण यंत्राच्या साठ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनची खूण तेरा फूट सव्वानऊ इंचांवर येते. यंत्राच्या नळीवर जेवढे किलोव्होल्ट लावले असतील, त्याहून जास्त ऊर्जेचा फोटॉन त्यातून निघू शकत नाही. कॅल्शियमच्या आतल्या इलेक्ट्रॉनांना हलवण्याची ताकद या फोटॉनांत असल्याने हाडे त्यांना अडवतात आणि मांस त्यांना जाऊ देते.

इथे गारेचे उदाहरण पुन्हा काढावे. संपूर्ण अंगाला चार ग्रे (एक ग्रे म्हणजे दर किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा) एवढा किरणांचा मारा एकदम झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्म्याच्या आसपास माणसे दगावू शकतात. साठ किलोच्या माणसात त्या माऱ्याने जमा झालेली ऊर्जा फक्त २४० ज्यूल असते. चहाचा एक कढत घोट याहून जास्त ऊब अंगात सोडतो. ऊर्जा तीच, पण किरणांत ती अशा कणांनी येते ज्यांपैकी एकेक कण हजारो बंध तोडू शकतो. तपासणीच्या क्ष-किरणांत हे प्रमाण कितीतरी कमी असते, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेला फोटो टाळू नये. मात्र लहान मुलाला धरायला विनाकारण आत जाऊ नये आणि गरोदर बाईने आपली अवस्था तंत्रज्ञाला आधीच सांगावी.

पंधरा फूट एक इंचाच्या दोन बाजूंना कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या दोन खुणा येतात : ११.७ लाख आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. कोबाल्टचे रूपांतर निकेलमध्ये होते तेव्हा निकेलचे केंद्रक वरच्या पायरीवर असते आणि दोन पायऱ्या उतरताना हे दोन गॅमा किरण सोडते. शिडी तीच, नियम तोच. फक्त इथली एक पायरी मिठातल्या सोडियमच्या पायरीपेक्षा सहा लाख पटींनी उंच आहे. कर्करोगाच्या उपचारात हेच किरण वापरले जातात. आपल्या वावरातही अशा किरणांचा हात लागलेला आहे : भाभा अणुसंशोधन केंद्राने बियाण्यांवर किरणांचा मारा करून मिळालेल्या वाणांपासून पुढची वाणे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित केली. टीएयू-१ या उडदाच्या नावात ट्रॉम्बे, अकोला आणि उडीद आहेत. टीएजी-२४ या भुईमुगाच्या नावातही ट्रॉम्बे आणि अकोला आहेत. असे बियाणे किरणोत्सारी असते का, असा प्रश्न हमखास येतो. बहुतेक केंद्रकांमधून एक कण उखडायला सुमारे ऐंशी लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि ती खूण पंधरा फूट पावणेअकरा इंचांवर आहे. कोबाल्टचे किरण तिच्यापासून साडेनऊ इंच अलीकडेच थांबतात, त्यामुळे ते दाण्यातला रेणू बदलू शकतात, दाण्याला किरणोत्सारी करू शकत नाहीत.

गेरू आणि चुना एका पावसाळ्यात धुऊन जातात, म्हणून सगळ्या खुणा एकदा तपासून झाल्यावर त्या तैलरंगाने पक्क्या कराव्यात आणि सोळा फुटांनंतर भिंत संपत असेल, तर रेघ कोपऱ्यावरून शेजारच्या भिंतीवर तशीच पुढे न्यावी. लडाखमधल्या हानले येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेली मेस ही दुर्बीण आकाशातून येणाऱ्या, दोन हजार कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टहून जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांचा माग घेण्यासाठी उभारलेली आहे. तिची खूण एकोणीस फूट साडेतीन इंचांवर, वळणानंतर तीन फूट साडेतीन इंचांवर करावी.